नादकोशाचा महिना

सदाराम दोनाडकरांचा प्रश्न साधा होता. नादकोश घ्यायचा की नाही, एवढंच यामिनीनं सांगायचं होतं.

दोनाडकर वडशातल्या एका नाटक कंपनीचे मालक. दिवाळी सरली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. घरोघरी भिंतीएवढे पडदे आले, चष्म्यातून सिनेमे दिसायला लागले, कंपनीचा ट्रक डिझेल सोडून बॅटरीवर धावू लागला. पण आलेल्या पाहुण्यांना जेवू घालायचं आणि सगळ्यांनी मिळून मंडपात नाटक बघायचं, हे काही कुणाला सोडवलं नाही. नाटकात गाणी असतात आणि वादक रंगमंचासमोर बसून ती वाजवतात. यामिनी गेडाम लग्न झाल्यापासून कंपनीत ऑर्गन वाजवत होती. तिचा नवरा होमराज क्लॅरिनेट वाजवायचा. खरं सांगायचं तर लोक त्याच्यासाठी यायचे. नायिका रडायला लागली की होमराजचं क्लॅरिनेट तिच्या मागून असं हळूच वर यायचं की पुढच्या रांगेतल्या बाया पदर डोळ्यांना लावायच्या.

उन्हाळ्यात आरमोरीच्या रस्त्यावर त्याच्या मोटारसायकलला रानडुक्कर आडवं गेलं. हातपाय वाचले. खालचे पुढचे चार दात गेले आणि ओठाला टाके पडले.

दात नवे बसवले. दिसायला पहिल्यापेक्षा सुंदर. पण क्लॅरिनेट ओठाला लावलं की आवाज फाटायचा, वर जाताना चिरकायचा. होमराजनं चार महिने रोज प्रयत्न केला. मग एके दिवशी त्यानं वाद्य पुसून पेटीत ठेवलं आणि मागच्या परसात वांगी लावली.

"मी होमराजच्या जागेवर दुसरा माणूस बसवणार नाही," दोनाडकर म्हणाले. "त्याच्या जिवाला लागंल. मशीनचं तसं नसते. मशीनवर कोण रागावते? ते बनवणारे कंपनीवाले महिनाभर फुकट वापरायला देऊन राहिले. तू पाहा. तुझा कान मले माहीत हाये. पटलं तर घेऊ."

यामिनीला वाटलं, उलटच आहे. माणसावर निदान रागावता येतं. पण ती म्हणाली, "पाहते, भाऊ."

नादकोश म्हणजे हातात धरायची वस्तू नव्हती. तो संगणकात उतरवून घ्यायचा वाद्यांचा अवाढव्य संच होता. इतका मोठा की यामिनीला आपल्या संगणकातली अर्धी गाणी काढून बाजूला ठेवावी लागली. आधी तिला तो आवडलाच नाही. एकेका पानावर शंभर बटणं. कुठलं फिरवलं की काय होतं ते कळायच्या आत दुसरंच काही वाजायला लागायचं. त्याला ताकदवान यंत्र लागायचं. खेड्यातल्या मंडपात जनरेटरची वीज खाली-वर होते, तिथं हे मधेच बंद पडलं तर? ऑर्गनचं तसं नाही. त्यावर पाणी सांडलं तरी तो वाजतो. पहिल्या आठवड्यात तिचं मत जवळजवळ ठरलं होतं. नको.

मग तिनं त्याचं मुख्य काम करून पाहिलं.

आजवरच्या वाद्यसंचांत आवाज साठवलेले असत. कुणीतरी स्टुडिओत बासरीचा एकेक सूर वाजवून ठेवायचा आणि तुम्ही पट्टी दाबली की तो ऐकू यायचा. नादकोशात एकही आवाज साठवलेला नव्हता. त्यात होतं गणित. नळी किती लांब, तिचं लाकूड कसलं, फुंकरीचा जोर किती, हे सांगितलं की आतली हवा कशी थरथरेल ते तो त्या क्षणी मोजून काढायचा, आणि ती थरथर म्हणजेच सूर. त्यामुळे जगात नसलेलं वाद्यही त्यात बांधता येत होतं. घराएवढा तबला करा, काचेची सनई करा, त्याला फरक पडत नव्हता.

नवा शोध याच्या उलट्या दिशेचा होता. बाजारात माठ घेताना बाई त्यावर टिचकी मारते आणि आवाजावरून ओळखते, याला तडा आहे. नादकोश तेच करायचा, फक्त फार बारकाईनं. एखाद्या वादकाचं पुष्कळ ध्वनिमुद्रण त्याला दिलं की सुरावरून तो मागे मागे जायचा आणि वाद्याचं व वाजवणाऱ्याचं शरीर शोधून काढायचा. एकच सूर दोन वेगळ्या शरीरांतून निघू शकतो, म्हणून थोड्या मुद्रणावर त्याचा अंदाज चुकायचा. जितकं जास्त ऐकेल तितका तो नेमका व्हायचा.

यामिनीकडे कंपनीच्या कितीतरी हंगामांचं मुद्रण पडलेलं होतं. तिनं ते सगळं दिलं. काम सुरू करण्याआधी पडद्यावर प्रश्न आला: 'हा वादक हयात आहे का? त्याची परवानगी घेतली आहे का?'

होमराज परसात वांग्यांना पाणी घालत होता. खिडकीतून त्याची पाठ दिसत होती. यामिनी त्याला हाक मारणार होती. मग तिनं दोन्हीला 'हो' केलं.

दुपारभर यंत्र मोजत राहिलं. चहाच्या वेळेला काम झालं. तिनं संगणकाला जोडलेल्या कीबोर्डची एक पट्टी दाबली, मग दुसरी, आणि मग नायिकेच्या रडण्याची ती जुनी चाल.

परसातली पाण्याची नळी खाली पडल्याचा आवाज आला. होमराज दारात उभा होता, चिखलाच्या पायांनी.

"कोण वाजवून राहिलं?"

यामिनीनं हात उचलला. सूर थांबला.

"हे... मी आहे ना?"

"तुमच्या जुन्या शोंमधून काढलं," ती म्हणाली. "भाऊंनी पाहायला सांगितलं होतं."

"आणखी वाजव."

तिनं वाजवलं. तो चौकटीला टेकून ऐकत राहिला. संपल्यावर त्यानं विचारलं, "याले माझी परवानगी नाही लागत?"

"लागते."

"कोणी देली?"

तिनं संगणकाचा आवाज बंद केला. होमराजनं मान हलवली. "विचारलं असतं तं हो म्हटलं असतं मी," तो म्हणाला आणि पाण्याची नळी उचलायला गेला.

रात्री जेवताना तो नेहमीसारखा बोलला. वांग्यांना कीड लागलीय, शेजारच्यांची गाय व्यायली. हात धुताना मात्र म्हणाला, "चांगला वाजवते तो. माझ्या चांगल्या दिवसासारखा. रोजच माझा दिवस तसा नसे. घेऊन टाका म्हणा दोनाडकरले. मी लाकडाच्या डेपोत विचारून ठेवलं हाये, तिथं मोजणीले माणूस पायजे."

त्यानं हे रागानं म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

तालमीत नादकोश नेला तेव्हा सगळे खूश झाले. तबलजी म्हणाला, अगदी होमराजभाऊ बसल्यासारखं वाटते. दोनाडकरांनी तिथंच ठरवून टाकलं. "आता महिना संपायची वाट कायले पाहायची?" यामिनी म्हणाली, "भाऊ, महिना दिला आहे ना, पुरा होऊ द्या." आपण का थांबवतोय ते तिला स्वतःला नीट सांगता आलं नसतं.

घरी आल्यावर ती त्या शंभर बटणांच्या पानांवर फिरत बसली. एका पानाचं नाव होतं 'शरीर'. तिथं होमराजचं क्लॅरिनेट रेघांनी काढलेलं होतं: नळी, भोकं, तोंडाकडची निमुळती बाजू, तिच्यावर बांधलेली वेताची पातळ पत्ती. पत्तीखाली ओठ. क्लॅरिनेट वाजवणारा खालचा ओठ दातांवर ओढून घेतो आणि पत्ती त्या गादीवर टेकते. फुंकर मारली की पत्ती थरथरते. तिच्यावर दाब कुठे आणि किती पडतो, यावर सगळा सूर. नादकोशानं तो दाब रंगांत दाखवला होता. तो सारखा नव्हता. डाव्या बाजूला एका ठिकाणी गडद ठिपका होता, जणू तिथं ओठाखालून काहीतरी जास्त वर आलं होतं.

यामिनी हसली आणि मग हसता हसता थांबली. तो ठिपका तिच्या ओळखीचा होता. होमराजच्या गेलेल्या चार दातांतला डावीकडचा दात तिरका होता. लग्नाआधी पाहायला आला तेव्हा हसला आणि तिला पहिल्यांदा तोच दिसला होता. यंत्रानं होमराजला कधी पाहिलं नव्हतं. त्यानं तो दात सुरातून काढला होता.

ठिपक्याखाली एक बटण होतं. तिनं ते फिरवून दाब सगळीकडे सारखा केला आणि पट्टी दाबली. आवाज फाटला. वरच्या सुरावर चिरकला. चार महिने ती परसातून ऐकत होती तो हाच आवाज.

तिनं बटण मागे फिरवलं. सूर जागेवर आला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे.

"अहो, इकडे या!"

होमराज आला. तिनं काही न बोलता दोन्ही वाजवून दाखवलं आणि पडद्यावरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. तो वाकून बघत राहिला. जीभ आपोआप नव्या दातांवरून फिरली.

"बाप्पा," तो म्हणाला. "हा तं माझा दात हाये."

"डॉक्टरनं सरळ बसवले. तुमचा ओठ तिरक्यावर शिकलेला. लहानपणापासून."

"म्हणजे ओठ नाही बिघडला माझा?"

"ओठ शोधून राहिला त्या दाताले," यामिनी म्हणाली.

होमराज खुर्चीत बसला. मग म्हणाला, "परत वाजव. तो वाईटवाला."

ब्रह्मपुरीच्या डॉक्टर शबाना पठाण यांनी ते दात बसवले होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"इतक्या वर्षांत लोक माझ्याकडे वाकडे दात सरळ करायला आले. वाकडा करून मागणारे तुम्ही पहिले."

"होते का पण?" होमराजनं विचारलं.

"करता येईल. पण एक सांगते. तुमच्या मशीननं दाब कुठे पडत होता ते सांगितलंय, दात कसा होता ते नाही. तो मला अंदाजानं घडवावा लागेल. शिवाय ओठाला टाक्यांचा व्रण आहे, तो मशीनला माहीत नाही. एका फेरीत जमणार नाही."

यामिनीनं आणलेले आकडे त्यांनी आपल्या यंत्रात घातले. बाजूच्या खोलीत छोट्या त्रिमिती छपाईयंत्रानं तात्पुरते दात तयार केले. होमराजनं दवाखान्यातच पेटी उघडली. बाहेर दाढ दुखणारे चार-पाच लोक बसले होते. पहिल्याच सुरावर त्यातल्या एका म्हाताऱ्यानं कानावर हात ठेवले.

"ते नाही," होमराज म्हणाला.

दुसऱ्या खेपेला दात जास्तच वर आला. ओठातून रक्त आलं. तिसऱ्या खेपेला यामिनी संगणकच सोबत घेऊन गेली. होमराज वाजवायचा, नादकोश ऐकून दाबाचं चित्र काढायचा, आणि डॉक्टर त्या चित्राकडे बघत दात कानशीनं किंचित घासायच्या. पुन्हा वाजवायचं, पुन्हा घासायचं. असं करता करता एका क्षणी खोलीतल्या तिघांनाही कळलं. डॉक्टरांचा हात कानशीसकट हवेत थांबला. होमराज खालून वर गेला, वरच्या सुरावर थांबला, तो सूर हवा तितका लांबवला आणि अलगद खाली सोडला.

अगदी पहिल्यासारखा नव्हता तो. व्रणामुळे आवाजात थोडी जाडी आली होती, एखाद्या माणसाचा आवाज वयाबरोबर भरतो तशी. होमराजनं क्लॅरिनेट खाली घेतलं. बाहेरचा म्हातारा दारातून आत डोकावला आणि म्हणाला, "आता कसं! आणखी होऊन जाऊ दे एक."

येताना होमराज गाडीत सारखा आरशात बघत होता आणि हसत होता. डाव्या बाजूला तिरका दात दिसत होता.

दोनाडकर तर इतके हरखले की त्यांनी तालमीत पेढे वाटले. "झालं मग," ते यामिनीला म्हणाले. "आता तुझ्या मशीनचं काही काम नाही. ज्या कामाले आणली ते विकत न घेताच झालं. सांग त्या कंपनीवाल्याले, नको म्हणून."

"हो," यामिनी म्हणाली.

ती आनंदातच होती. घरात पुन्हा सकाळी क्लॅरिनेट ऐकू येत होतं, डेपोचं नाव कुणी काढत नव्हतं. तरी महिन्याचे शेवटचे दिवस जवळ येऊ लागले तशी ती गप्प होत गेली. होमराजला ते दिसलं.

"काय झालं तुले?"

"काही नाही."

"काही नाही म्हणते तेव्हा काहीतरी असतेच तुझं."

यामिनी भाजी निवडत होती. तिनं मेथीची जुडी खाली ठेवली.

"मी एक वाद्य बांधलं आहे त्यात," ती म्हणाली. "बांबूचं. माणसाहून दुप्पट उंच. असा बांबू आहे, पण त्याले फुंकणारी छाती कोणाची नाही. मी त्याले छाती दिली. भाऊंच्या नाटकात नदी उतरायचा प्रवेश आहे ना, रात्री सगळं गाव डोंग्यात बसून पलीकडे जाते तो. त्याच्यासाठी चाल केली. महिना संपला की ते वाद्य जाईल."

"मग घे ना विकत. दोनाडकरले सांग."

"कंपनीले नको आहे ते. मले पायजे." इतकं बोलून ती थांबली, कारण पुढचं वाक्य तिनं आजवर कधी म्हटलं नव्हतं. "माझ्यासाठी."

किंमत लहान नव्हती. चांगली जुनी मोटारसायकल आली असती तेवढ्यात. पण होमराजनं किमतीचं विचारलं नाही.

"त्या चालीत क्लारनेट कुठं येते?" त्यानं विचारलं.

"येत नाही."

"म्हणजे माझ्याशिवाय?"

"तुमच्याशिवाय."

तो उठून बाहेर गेला. यामिनी मेथी निवडत राहिली, पण पानं कुठे आणि काड्या कुठे जातायत ते तिचं तिलाच कळत नव्हतं. इतकी वर्षं ऑर्गनवर तिनं जे वाजवलं ते त्याच्या सुराखाली अंथरलेलं होतं. त्यात तिला कमीपणा कधी वाटला नाही. आताही वाटत नव्हता. फक्त आणखी काहीतरी तिच्याजवळ होतं, आणि ते आहे हे तिला या महिन्यातच समजलं होतं. नुकता उभा राहिलेला माणूस. त्याला आजच हे सांगायला नको होतं का?

होमराज परत आला तो हात धुऊन, ओल्या हातांनी. "ऐकव," तो म्हणाला.

तिनं संगणक लावला. खोलीतल्या पंख्याचा आवाज नको म्हणून त्यानं पंखा बंद केला आणि जमिनीवर मांडी घातली. तिनं चाल वाजवली. सुरुवातीला नुसता वारा होता, बांबूच्या बेटातून जातो तसा, सूर नाहीच. मग त्या वाऱ्याच्या तळातून एक खोल सूर वर यायला लागला, इतका सावकाश की तो कधी सुरू झाला ते सांगता येऊ नये. त्याच्यावर दुसरा. डोंगा किनाऱ्यापासून सुटतो तेव्हाचं हलणं त्यात होतं. शेवटी सूर थांबले आणि पुन्हा वारा राहिला.

होमराज खाली बघत बसला होता. "ते मधलं," तो म्हणाला, "दुसरा सूर येतो ते. परत लाव."

तिनं लावलं. त्यानं क्लॅरिनेटची पेटी ओढली, वाद्य जोडलं, ओठाला लावलं. यामिनीनं चाल पुन्हा सुरू केली. तो दोन-तीन ठिकाणी आत शिरला, एकदा खालून, एकदा वरून. सुंदर वाजवत होता. तरी अर्ध्यातच त्यानं क्लॅरिनेट खाली घेतलं आणि उरलेलं नुसतं ऐकलं.

"नाही," तो म्हणाला. "यात क्लारनेट नको. मी आलो की लोक माझ्याकडं पाहतात. इथं त्याइनं नदीकडं पाहावं." त्यानं क्लॅरिनेट पुसायला घेतलं. "मले मघा वाईट वाटलं होतं. आता नाही वाटून राहिलं. तू हे घे, यामिनी. उद्याच घे."

"या खेपेला तुम्हाला विचारून घेते," ती म्हणाली. "त्यात तुमचा जुना आवाज पण आहे ठेवलेला. तो ठेवू की पुसू?"

होमराजनं विचार केला. "पूस," तो म्हणाला. "मी आहे ना आता."

तिनं त्याच्यासमोरच पुसला. मग पडद्यावर खरेदीचं पान उघडलं आणि वापरणाऱ्याच्या नावाच्या जागी नाटक कंपनीचं नाव होतं ते काढून आपलं घातलं.

दुसऱ्या दिवशी दोनाडकरांना तिनं सांगितलं, "भाऊ, तुम्ही विचारलं होतं ना घ्यायचा का म्हणून. कंपनीनं घेऊ नये. जनरेटरवर लावून पाहिला, दोनदा बंद पडला, आणि तुमच्याजवळ होमराज आहेत. मी घेतला आहे. बॅटरी पण माझी लावीन. नदीच्या प्रवेशाले माझी चाल ठेवता का, ते पाहा."

दोनाडकर गोंधळले. पण रंगीत तालमीत पाहू म्हणाले.

रंगीत तालीम दुपारी झाली, कंपनीच्या पत्र्याच्या शेडमध्ये. बाहेर ट्रकवर मंडपाचे बांबू चढवणं चाललं होतं. पहिल्या अंकात होमराजनं असं काही वाजवलं की पेटी-कपडे सांभाळणाऱ्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. मग नदीचा प्रवेश आला. नट कापडाच्या डोंग्यात बसले. तबलजीनं हात मांडीवर ठेवले. यामिनीनं दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले आणि वारा सुरू झाला.

खोल सूर वर येऊ लागला. बाहेर ट्रकवर बांबू टाकणारेही थांबले. समोर खुर्चीत बसलेले दोनाडकर एकदम पुढे झुकले.

"होमराज, तू काहून थांबला?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "पत्ती फुटली का?"

"नाही जी," होमराज म्हणाला. क्लॅरिनेट त्याच्या मांडीवर आडवं पडलं होतं आणि तो डोंग्याकडे बघत होता. "इथं माझं काम नाही. बायको वाजवून राहिली. ऐका."